दमनक हटला की जनुक जागं होतं : वनस्पती संप्रेरकांच्या प्रतिकृतीच्या नोंदी

५ जानेवारी

विषय ठरला. संप्रेरक पेशीपर्यंत पोचल्यानंतर आत काय घडतं, याची संगणकावर चालणारी साधी प्रतिकृती करायची. वनस्पती संप्रेरकांचा तक्ता आपण सगळ्यांनीच कधी ना कधी घोकलेला असतो: ऑक्झिन पेशी लांबवतं, जिबरेलिन खोड उंच करतं, सायटोकायनिनमुळे पेशी विभागतात, इथिलीन फळ पिकवतं, ॲब्सिसिक आम्ल पर्णरंध्रं मिटवतं. तक्ता खोटा नाही, पण फार लवकर संपतो. ज्या मात्रेने खोडाची वाढ जोर धरते, त्याच मात्रेच्या ऑक्झिनने मुळाची वाढ खुंटते. रेणू तोच, परिणाम उलटा. म्हणजे निर्णय रेणूत नाही, तो रेणू ओळखणाऱ्या पेशीत आहे. प्रतिकृती त्या पेशीची हवी.

मॅडमची अट एकच: प्रत्येक बाणाच्या दोन्ही टोकांना खरा रेणू असला पाहिजे. संप्रेरकापासून थेट ‘वाढ’ या शब्दावर उडी मारणारा बाण चालणार नाही.

८ जानेवारी

आज जुनं वाचन. डार्विन पितापुत्रांनी १८८० मध्ये दाखवलं की गवताच्या कोंबाचं टोक झाकलं तर कोंब उजेडाकडे वळत नाही, आणि वळण तर टोकाच्या बरंच खाली पडतं. टोकाकडून खाली काहीतरी जात असणार. फ्रिट्स वेंट यांनी १९२६ ते १९२८ च्या सुमारास ते ‘काहीतरी’ अगरच्या ठोकळ्यात उतरवलं: ओटच्या कोंबांची टोकं छाटून ठोकळ्यावर ठेवली, मग तो ठोकळा टोक नसलेल्या कोंबावर एका बाजूला बसवला आणि कोंब दुसऱ्या बाजूला वाकला. १९३० च्या दशकात तो पदार्थ इंडोल-३-ॲसेटिक आम्ल म्हणून ओळखला गेला. पण पेशीच्या केंद्रकात त्याला ओळखणारं प्रथिन हाती लागायला २००५ साल उजाडलं. एवढा उशीर का, याचं उत्तर पुढे यंत्रणेतच सापडतं, म्हणून इतिहास इथेच थांबवते.

११ जानेवारी

ऑक्झिन पेशीत शिरतं कसं, तिथून सुरुवात. हे गणित कागदावरच होतं आणि मला ते फार आवडतं.

इंडोल-३-ॲसेटिक आम्लाचा पीकेए (ज्या सामूला निम्मे रेणू भारित असतात तो आकडा) ४.७५. पेशीबाहेर, भित्तिकेत सामू साधारण ५.५, पेशीद्रवात साधारण ७. बाहेर शंभरातले पंधरा रेणू विद्युतभार नसलेल्या रूपात असतात आणि ते पटलातून आपसूक आत झिरपतात. आत गेल्यावर सामू बदलतो आणि भार नसलेले रेणू उरतात शंभरात जेमतेम ०.६. बाकीचे सगळे भारित होतात, आणि भारित रेणूला पटल ओलांडता येत नाही. फक्त झिरपण्यावर सोडलं तरी आतलं प्रमाण बाहेरच्या सुमारे २७ पट होतं. आत येणं सोपं, बाहेर पडणं वाहक प्रथिनांच्या मर्जीवर. रुबेरी, शेल्ड्रेक आणि रॅव्हन यांनी १९७४-७५ मध्ये हा तर्क मांडला, तेव्हा बाहेर काढणारं प्रथिन कुणी पाहिलेलंही नव्हतं. पुढे पिन कुळातली प्रथिनं सापडली. ती पेशीच्या एका बाजूला गोळा होतात, म्हणून ऑक्झिनच्या प्रवाहाला दिशा मिळते. पिन१ बिघडलेल्या अरेबिडोप्सिसचं (प्रयोगशाळेत वापरलं जाणारं, मोहरीच्या कुळातलं छोटं रोप) खोड वर जवळजवळ बोडकं राहतं, टाचणीसारखं. कडेला फुलं धरतच नाहीत.

प्रतिकृतीत सध्या एकच पेशी आहे, त्यामुळे दिशेचा प्रश्न नाही. ऑक्झिनची आतली मात्रा मी बाहेरून देणार.

१४ जानेवारी

गाभ्याची यंत्रणा. नीट लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

केंद्रकात एआरएफ नावाची प्रथिनं डीएनएवर ठरावीक जागी बसलेली असतात. टीजीटीसीटीसी हा त्या जागेचा गाजलेला अक्षरक्रम. त्यातली काही एआरएफ जनुकं चालू करू शकतात, पण ऑक्झिन नसताना त्यांना ऑक्स/आयएए नावाची दमनक प्रथिनं चिकटलेली असतात. दमनक एकटा नसतो, तो टॉपलेस नावाच्या सहदमनकाला ओढून आणतो आणि त्या भागातला डीएनए आवळून ठेवायची सोय होते. ऑक्झिन आलं की ते टीआयआर१ या प्रथिनाच्या खोबणीत बसतं. टीआयआर१ हा एका मोठ्या संकुलाचा भाग आहे, आणि त्या संकुलाचं काम म्हणजे नको असलेल्या प्रथिनांवर युबिक्विटिनची खूण लावणं. खूण लागलेल्या प्रथिनाचे प्रोटीएझोममध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं मोडणाऱ्या यंत्रात, तुकडे होतात. दमनक गेला, एआरएफ मोकळं झालं, जनुक चालू.

सगळ्यात सुंदर भाग खोबणीचा. २००७ मध्ये टीआयआर१ची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली. ग्राहीमध्ये, म्हणजे संप्रेरक ओळखणाऱ्या प्रथिनात, संप्रेरक बसलं की ग्राहीचा आकार बदलतो, अशी आपली ठरलेली कल्पना. इथे तसं जवळपास काहीच होत नाही. ऑक्झिन खोबणीच्या तळाशी बसतं आणि दमनकाचा एक छोटा पट्टा (मध्यभागी जीडब्ल्यूपीपीव्ही ही अमिनो आम्लं) त्याच्यावर येऊन टेकतो. ऑक्झिन दोन प्रथिनांमधली फट भरतं, त्यामुळे त्यांची पकड घट्ट होते. संशोधक याला ‘आण्विक गोंद’ म्हणतात. खोबणीच्या खाली इनॉसिटॉल हेक्साकिसफॉस्फेटचा एक रेणूही बसलेला सापडला, जो कुणी शोधत नव्हतं.

आणि म्हणूनच उशीर. प्राण्यांच्या संप्रेरकांवरून डोळ्यांसमोर चित्र होतं ते पेशीच्या पृष्ठभागावर वाट पाहणाऱ्या ग्राहीचं, किंवा संप्रेरक घेऊन स्वतःच डीएनएवर जाणाऱ्या ग्राहीचं. हा ग्राही निघाला प्रथिनं मोडणाऱ्या यंत्राचा एक सुटा भाग. शिवाय तो एकटा ऑक्झिन नीट धरतही नाही. दमनक सोबत असला तरच पकड बसते. खरं तर ग्राही म्हणजे ती जोडी.

१५ जानेवारी

मॅडमनी विचारलं, “एबीपी१चं काय करणार?”

प्रश्न अवघड जागेचा आहे. एबीपी१ हे ऑक्झिनला चिकटणारं प्रथिन कित्येक वर्षं ग्राही म्हणून शिकवलं जात होतं. २०१५ मध्ये क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने ते जनुक निकामी केलेली अरेबिडोप्सिसची रोपं तयार झाली आणि ती अगदी धडधाकट वाढली. विषय संपला असं वाटलं. मग २०२२ मध्ये, ऑक्झिन मिळताच पेशीत होणाऱ्या फॉस्फेट-बदलांच्या संदर्भात ते टीएमके या पृष्ठभागावरच्या प्रथिनासोबत पुन्हा पुढे आलं. माझं मत: एका पेशीच्या जनुकीय प्रतिसादाला त्याची गरज नाही. प्रतिकृतीत घेत नाही. टिपणात मात्र हा सगळा प्रवास ठेवते, कारण विद्यार्थ्यांनी एकदा तरी पाहावं की पुस्तकातला बाण खोडला जातो आणि कधी कधी तुटक रेषेत परतही येतो.

१९ जानेवारी

कुठली वनस्पती घ्यायची? अरेबिडोप्सिसवर सगळ्यात जास्त माहिती आहे, पण तिच्यात ऑक्स/आयएए २९, एआरएफ २३, आणि टीआयआर१चं कुटुंब सहा जणांचं. नुसत्या दमनक-एआरएफ जोड्या ६६७ होतात. प्रत्येक जोडीची पकड मोजलेली नाही, आणि प्रतिकृतीत अंदाजाने आकडे भरायचे तर मग प्रतिकृती कशाला.

त्यापेक्षा मार्केन्शिया. ओलसर जागी जमिनीसरपट पसरणारी, लिव्हरवर्ट गटातली ही वनस्पती. तिच्यात टीआयआर१ एक, दमनक एक, एआरएफ तीन, तीन वेगळ्या वर्गांची. पहिल्या वर्गाचं एआरएफ ऑक्झिनचं ऐकतं. दुसरं त्याच जागांसाठी त्याच्याशी झोंबतं आणि जनुक बंद ठेवतं; त्याला ऑक्झिनशी देणंघेणं नाही. ऑक्झिन असताना पेशी कितपत प्रतिसाद देणार, हे या दोघांच्या प्रमाणावरून ठरतं. खोड आणि मूळ एकाच ऑक्झिनला वेगळा प्रतिसाद का देतात, त्या उत्तराचा एक मोठा तुकडा इथे लहान आकारात पाहायला मिळतो.

२० जानेवारी

मार्केन्शियावर शिक्कामोर्तब. मॅडमना थोडी हळहळ वाटली, त्यांचा जीव अरेबिडोप्सिसवर.

२५ जानेवारी

समीकरणं बसवली. चार राशी: ऑक्झिन, दमनकाचा संदेशवाहक आरएनए, दमनक प्रथिन, आणि ज्याच्यावर नजर ठेवायची त्या जनुकाचं उत्पादन. वेळ मिनिटांत. ऑक्झिन असताना दमनकाचा अर्धायुष्यकाळ १० मिनिटं धरला. अरेबिडोप्सिसमधले चपळ दमनक साधारण एवढ्या वेळात अर्धे होतात. काही सुस्त दमनकांना तासाहून अधिक लागतो. मार्केन्शियासाठी तोच चपळ आकडा उसना घेतला आहे आणि फाइलमध्ये तसं लिहिलं आहे.

महत्त्वाची गाठ अशी की दमनकाचं स्वतःचं जनुकही ऑक्झिनने चालू होणाऱ्यांपैकीच आहे. दमनक मोडला की एआरएफ मोकळं होतं, आणि मोकळं एआरएफ जी जनुकं चालू करतं त्यांत नवा दमनक बनवणारं जनुक असतंच. यंत्रणा स्वतःच्या पायात स्वतःच दोरी बांधते.

२८ जानेवारी

पहिला आलेख समोर आहे. ऑक्झिन एकदम वाढवलं की दमनक झपकन खाली येतो, मग नवं उत्पादन सुरू होऊन थोडा वर चढतो, किंचित हेलकावतो आणि आधीपेक्षा खालच्या पातळीवर स्थिरावतो. जनुकाचं उत्पादन याच्या उलट: उसळी, मग उतार, मग सपाट. गाठ सोडून पाहिली, म्हणजे दमनकाचं उत्पादन कायम एकाच दराने ठेवलं, तर उसळी गायब. उत्पादन सरळ वर जातं आणि तिथेच राहतं. थोड्याशाच जास्त ऑक्झिनला ते कमाल पातळीला टेकतं आणि पुढचा फरक त्याला कळतच नाही. गाठ असताना मात्र मात्रेचा बराच मोठा पल्ला वेगवेगळा वाचता येतो.

ऑक्झिनचं काम मात्रेवर चालतं. मुळाच्या टोकाशी जास्त, वर सरकावं तसं कमी, आणि पेशीने आपली जागा त्यावरून ओळखायची. सगळ्या पेशींना ‘भरपूर’ एवढंच कळलं असतं तर मूळ आखताच आलं नसतं.

२ फेब्रुवारी

उत्परिवर्तनं टाकून पाहिली. दमनकाच्या त्या छोट्या पट्ट्यात एक अमिनो आम्ल बदललं की टीआयआर१ची पकड सुटते आणि दमनक टिकून राहतो. अरेबिडोप्सिसमधली एएक्सआर२ आणि एएक्सआर३ ही प्रसिद्ध उत्परिवर्तनं अशीच. ती प्रभावी असतात, म्हणजे जनुकाची एक प्रत बिघडली तरी पुरते. का? दोन्ही प्रतींतून सारखंच प्रथिन बनतं, पण एक दहापट जास्त टिकतं असं धरलं, तर स्थिर अवस्थेत साठ्यातला ९१ टक्के दमनक बिघडलेला असतो. चांगली प्रत बिचारी मोडण्यासाठीच बनते. (मार्केन्शियाची मुख्य अवस्था एकगुणित, तिथे दोन प्रतींचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे हा हिशेब वेगळ्या पानावर ठेवला.)

मॅडम म्हणाल्या, “हे पान वर्गात आधी दाखव.” खरंय. प्रभावी उत्परिवर्तन म्हणजे ‘जास्त ताकदीचं’ जनुक असा समज डोक्यात बसलेला असतो. इथे ताकदीचा संबंध नाही, टिकण्याचा आहे.

६ फेब्रुवारी

वेगाची अडचण. जनुक चालू होणं, आरएनए बनणं, प्रथिन बनणं यांना मिनिटं लागतात. कोंबाचे तुकडे ऑक्झिनच्या द्रावणात टाकले की साधारण दहा मिनिटांत लांबू लागतात. इथवर जनुकांच्या वाटेने कसंबसं निभावतं. पण मुळाची वाढ अर्ध्या मिनिटात मंदावते. तेवढ्यात एकही नवं प्रथिन बनत नाही.

खोडातली वाट आधी. ऑक्झिनमुळे सॉर कुळातली छोटी प्रथिनं तयार होतात. ती एका फॉस्फटेझला (प्रथिनांवरचा फॉस्फेट काढणारं विकर) गप्प करतात, त्यामुळे पटलावरचा प्रोटॉन पंप चालू राहतो. भित्तिका आम्लधर्मी होते, एक्स्पान्सिन प्रथिनं तिच्यातले तंतू सैल करतात आणि आतल्या पाण्याच्या दाबाने पेशी ताणली जाते. पंपाला चालना देणारी दुसरी, जनुकांना वगळून जाणारी वाट टीएमके१ची. ती २०२१ मध्ये स्पष्ट झाली. इथेही गंमत तीच: सॉर प्रथिन पंपाला हातही लावत नाही, पंप बंद करणाऱ्याला अडवतं.

मुळात उलट घडतं. ऑक्झिन येताच भित्तिका अल्कधर्मी दिशेने सरकते आणि ताण थांबतो. त्यामागे टीआयआर१चा भाऊबंद एएफबी१ आहे, आणि तो प्रामुख्याने केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात असतो. एकाच कुटुंबातलं एक प्रथिन आत बसून जनुकं हलवतं, दुसरं बाहेर राहून आयन हलवतं. भर म्हणून २०२२ मध्ये असंही दिसलं की टीआयआर१ स्वतः ॲडेनिलेट सायक्लेझ आहे, म्हणजे सायक्लिक एएमपी हा निरोप पोचवणारा छोटा रेणू बनवतं. १४ जानेवारीच्या नोंदीतली यंत्रणा त्यामुळे मोडत नाही, पण ती पुरी आहे असंही आता म्हणता येत नाही.

प्रतिकृतीत जलद वाट घेत नाही. वेगळी फाइल होईल.

१२ फेब्रुवारी

जिबरेलिनची फाइल उघडली. ऑक्झिनच्या फाइलची नक्कल करून नावं बदलली, तर निम्म्याहून जास्त समीकरणं तशीच चालली.

दमनक इथे डेला प्रथिनं. ग्राही जीआयडी१, भातात २००५ मध्ये सापडलेला. जिबरेलिन खोबणीत बसलं की ग्राहीची शेपटी झाकणासारखी त्याच्यावर मिटते, आणि त्या मिटलेल्या पृष्ठभागाला डेला येऊन चिकटतं. मग तेच: युबिक्विटिन, प्रोटीएझोम, दमनक साफ. फरक एवढा की इथे संप्रेरक दोघांमध्ये दिसत नाही, ते आत पुरलं जातं आणि ग्राहीचा आकार खरोखरच बदलतो. ऑक्झिनने जी ठरलेली कल्पना मोडली, ती जिबरेलिनने परत आणली.

आणि २ फेब्रुवारीचं पान इथे जसंच्या तसं लागू पडलं. हरित क्रांतीच्या बुटक्या गव्हात डेलाच्याच जनुकात बिघाड आहे. जीआयडी१ने जिथे धरायचं तो डेलाचा भाग नाहीसा होतो, डेला टिकून राहतं आणि खोड फार वाढत नाही. ओंबी जड झाली तरी झाड लोळत नाही. हे १९९९ मध्ये उलगडलं, म्हणजे तो गहू शेतात येऊन कित्येक दशकं उलटल्यावर. भातातला बुटकेपणा दुसऱ्या वाटेचा: आयआर८ या वाणात जिबरेलिन बनवणाऱ्या विकराचं जनुक बिघडलेलं. दमनक चांगला, पण त्याला हटवणारा निरोपच कमी. म्हणून तो बुटकेपणा अप्रभावी. दोन्ही झाडं बाहेरून सारखीच बुटकी, पण बाहेरून जिबरेलिन दिलं की लगेच फरक कळतो. भात उंचावतो, गहू ढिम्म.

प्रतिकृतीत दोन्ही चालवून पाहिली. अगदी तसंच.

१६ फेब्रुवारी

जॅस्मोनेट, आणखी एक संप्रेरक: ग्राही सीओआय१, दमनक जॅझ, २००७. टीआयआर१चाच नातेवाईक आणि गोंदाचीच पद्धत. अर्ध्या दिवसात झालं. स्ट्रिगोलॅक्टोन या संप्रेरकातही दमनक मोडतोच, पण तिथे ग्राही विकरासारखं वागून संप्रेरकाचा रेणू स्वतःच तोडतो. ते पुढच्या सत्रात.

२१ फेब्रुवारी

ॲब्सिसिक आम्ल. मोडतोड नाही, तरी घाट ओळखीचा. पीपी२सी गटातले फॉस्फटेझ एसएनआरके२ या कायनेझांना (प्रथिनांवर फॉस्फेट लावणारी विकरं) दाबून ठेवतात. ॲब्सिसिक आम्ल पीवायआर ग्राहीत बसलं की ग्राही फॉस्फटेझच्या तोंडावर जाऊन बसतं, कायनेझ सुटं होतं आणि पर्णरंध्राच्या कडेच्या रक्षक पेशीच्या पटलातली एसएलएसी१ वाहिनी उघडतं. ऋण आयन बाहेर, पाठोपाठ पोटॅशियम, त्यामागे पाणी. पेशी सैलावतात आणि पर्णरंध्र मिटतं. ग्राही २००९ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे शोधला आणि त्याच वर्षी ही साखळी मोजक्या प्रथिनांनिशी परीक्षानळीत उभी करून दाखवली गेली. सगळं कुटुंब नसतानाही नळीत काम भागतं, हे प्रतिकृती करणाऱ्याला फार दिलासा देणारं आहे.

२४ फेब्रुवारी

इथिलीनने सगळ्यांचा गोंधळ उडवला, म्हणून आज फक्त तर्क लिहून काढला.

ईटीआर१ हा ग्राही आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलात असतो, त्यात तांब्याचा आयन असतो आणि इथिलीन तिथे बसतं. पण इथिलीन नसताना ग्राही कामावर असतो. तो सीटीआर१ला चालू ठेवतो, सीटीआर१ ईआयएन२ला अडवून ठेवतं, आणि प्रतिसाद बंद राहतो. इथिलीन आलं की ग्राही थांबतो, सीटीआर१ थांबतं, ईआयएन२चं एक टोक तुटून केंद्रकात जातं आणि जनुकं चालू होतात. यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही पहिल्यांदा ऐकताना उफराट्या वाटतात. बरेचसे ग्राही काढून टाकले तर झाड इथिलीन नसतानाही ते असल्यासारखं वागतं. आणि ग्राहीत इथिलीन बसूच शकत नाही असा बिघाड झाला तर तो ग्राही कधी गप्प बसत नाही, झाडाला इथिलीन कळतच नाही. १९८८ मध्ये अंधारात वाढवलेल्या अरेबिडोप्सिसच्या रोपांतून हेच उत्परिवर्तन वेचलं होतं: इथिलीनमध्ये बाकीची रोपं आखूड, जाड, वाकडी; हे एकटं सरळसोट उंच.

१ मार्च

मॅडमचा आक्षेप: “सगळीकडे दमनक हटवणंच आहे, असं तू आधी ठरवलंस आणि मग शोधलंस का?” रास्त आहे. म्हणून सायटोकायनिन.

इथे ती चौकट बसत नाही. ग्राही एएचके हा हिस्टिडीन कायनेझ आहे, जिवाणूंत असते त्याच घडणीचा. सायटोकायनिन बसलं की ग्राही स्वतःवर फॉस्फेट घेतो, तो फॉस्फेट एएचपी प्रथिनावर जातो, एएचपी तो केंद्रकातल्या एआरआर प्रथिनांकडे नेतं. ब वर्गातली एआरआर त्यामुळे जागी होऊन जनुकं चालू करतात. कुणाला हटवणं नाही, सरळ हातोहात देणं. अडवणूक येते ती नंतर: चालू झालेल्या जनुकांतूनच अ वर्गातली एआरआर बनतात आणि ती प्रतिसाद आवरतात. २५ जानेवारीची दोरी इथेही आहे, फक्त दुसऱ्या पायाला.

६ मार्च

दोन फाइली जोडल्या. जोडायची जागा शोधावी लागली नाही, ती २००८ पासून माहीत आहे: मुळाच्या टोकामागे जिथे पेशींचं विभाजन थांबून लांबणं सुरू होतं तो पट्टा. तिथे सायटोकायनिनमुळे एआरआर१ चालू होतं आणि ते एसएचवाय२चं जनुक चालू करतं. एसएचवाय२ हा ऑक्स/आयएए कुळातलाच एक दमनक. तो पिन जनुकं दाबतो, ऑक्झिनचं वाटप बिघडतं, पेशी विभाजन सोडून लांबू लागतात. दुसरीकडून ऑक्झिन एसएचवाय२ला मोडत असतं. म्हणजे एक संप्रेरक जो दमनक बनवतं, तोच दुसरं मोडतं, आणि विभाजनाच्या भागाची लांबी या ओढाताणीतून ठरते.

यासाठी मार्केन्शिया सोडून अरेबिडोप्सिसला यावं लागलं. मॅडम खूश.

९ मार्च

जोडलेली फाइल चालवली. सायटोकायनिन वाढवलं की एसएचवाय२ साचतो, ऑक्झिन वाढवलं की ओसरतो, इथवर अपेक्षेप्रमाणे. दोन्ही एकाच वेळी दुप्पट केली तर पातळी जवळपास जागेवरच राहते, पण उलाढाल वाढते: प्रथिन भराभर बनतं आणि भराभर मोडतं. उलाढाल जास्त असताना कुठल्याही एका संप्रेरकात बदल केला की नवी पातळी लवकर गाठली जाते. अर्धायुष्यकाळ कमी म्हणजे नव्या स्थितीला यायचा वेळ कमी, हे गणित जुनंच आहे. सतत बनवून सतत मोडणं हा प्रथिनांचा अपव्यय वाटतो खरा, पण त्याच खर्चातून पेशीला वेग मिळतो.

प्रश्न उरतो जागेचा. पिन दाबलं गेल्याचा परिणाम शेजारच्या पेशीत दिसायला हवा आणि माझ्याकडे पेशी एकच आहे. पुढच्या फाइलमध्ये पेशींची रांग घेतली आहे: प्रत्येकीला वरची आणि खालची भिंत वेगळी, प्रत्येक भिंतीवर पिनचं प्रमाण वेगळं, आणि आत शिरण्यासाठी ११ जानेवारीचं सामूचं गणित. रांगेतली पहिली पेशी टोकाची धरली आहे आणि ऑक्झिन तिथूनच सोडणार आहे.